अक्षता ठेवेपर्यंत

पितळी पट्टीवरचा शेवटचा आकडा सातावरून आठावर सरकला, आणि हेमलताबाई गिजऱ्यांच्या स्वयंपाकघराचं दार बार्शीच्या एका गृहस्थांच्या न्हाणीघरात उघडलं.

गृहस्थ स्टुलावर बसून दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण होता. आरशातूनच त्यांनी हेमलताबाईंकडे पाहिलं.

"लावून घ्या हो दार," ते म्हणाले. "वारा येतोय."

"माफ करा हं." हेमलताबाईंनी दार ओढून घेतलं.

ओढताना दाराच्या आतल्या बाजूला डकवलेला कागद त्यांना वाचता आला. नाव बारबोले, मुक्काम बार्शी, पुढे गल्ली आणि घर नंबर, आणि खाली नवस: घर पूर्वीएवढं होऊ दे.

त्या दिवशी दिव्यांची अवस होती. समया, निरांजनं, लामणदिवा असं सगळं काढून त्या सकाळपासून चिंचेनं घासत बसल्या होत्या, आणि एवढं घासतोच आहोत तर चौकटीवरची पट्टीही लखलखीत करावी म्हणून पाटावर चढल्या होत्या. पट्टी 'नवसपेटी'ची होती. मोबाइलवर नाव, गोत्र, पत्ता आणि नवस भरला की ही कंपनी आपल्या वतीनं देवळात अभिषेक करते आणि पावती म्हणून टपालानं पितळेची पट्टी पाठवते. सोबत एक छापील अर्ज येतो, तो आपल्या हातानं भरून दारामागं डकवायचा असतो. पट्टीवर सात आकडे असतात आणि प्रत्येक आकडा एका बारीक चाकावर बसवलेला असतो. नवस फिटेपर्यंत ती दारावरून काढायची नसते. कराडात त्यांच्या इमारतीतल्या बहुतेक दारांवर ती होती.

हेमलताबाईंनी चाक मागं फिरवून सात आणला आणि दार उघडलं. पलीकडे त्यांचीच बाहेरची खोली होती. केतकी मशीनवर कुणाच्या तरी ब्लाऊजला शिलाई घालत होती.

"काय गं आई? भुतासारखी काय बघतेस?"

"काही नाही. चिंच संपली."

त्यांनी पुन्हा दार लावलं आणि आपल्या दारामागचा कागद वाचला. तो त्यांनी जेठातल्या एका मंगळवारी स्वतःच भरला होता. केतकी मध्यरात्रीच्या गाडीनं इचलकरंजीहून निघून पहाटे दारात उभी राहिली होती, त्याच दिवशी. तिच्या डाव्या मनगटाचं हाड तेव्हा मोडलेलं होतं. नंतर ते वाकडंच जुळलं. नवस स्पष्ट लिहावा, म्हणजे देवाला संभ्रम राहत नाही, असं अर्जावर छापलं होतं. हेमलताबाईंनी स्पष्ट लिहिला होता. 'माझी लेक केतकी माझ्याकडे कराडला आहे. हे तिच्या नवऱ्याला, परागला, कळू देऊ नकोस.' वर पूर्ण पत्ता होता, मजल्यासकट.

म्हणजे जो कोणी आपल्या घरची पट्टी फिरवून हा आकडा लावेल, तो सरळ या स्वयंपाकघरात येईल. आत पाऊल टाकायच्या आधीच त्याला कागद वाचता येईल.

त्यांनी पाटावरून उतरून हात धुतले आणि मोबाइलवर 'अडचण कळवा' या शब्दांवर बोट ठेवलं. कोठीच्या खोलीत, पिठाचा डबा आणि गव्हाची कणगी यांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी उघडली. खिडकीवर 'दखल कक्ष' अशी पाटी होती. आत टाय लावलेला चाळिशीचा एक माणूस बसला होता. छातीवर नाव होतं, परुळेकर.

"बोला मॅडम. आपली सुरक्षा आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे."

"अहो, पट्टीचा आकडा फिरवला की दुसऱ्याचं घर उघडतंय."

"आपण संशोधक का?"

"छे हो. मी दिवे घासत होते."

परुळेकरांनी रकान्यात 'संशोधक' असं लिहिलं.

आता हेमलताबाईंचा चातुर्मासाचा एक नेम होता. तो त्यांना त्यांच्या आईनं घालून दिला होता आणि एकोणतीस वर्षं त्यांनी तो चुकवला नव्हता. रोज कुणाला तरी एक कहाणी सांगायची, मगच अन्न घ्यायचं. ऐकणाऱ्याच्या मुठीत पाच अक्षता द्यायच्या. त्यानं मध्ये मध्ये हुंकार द्यायचा आणि कहाणी पुरी झाली की अक्षता देवापुढे ठेवायच्या. जोवर त्या ठेवल्या जात नाहीत तोवर कहाणी अधुरी. अधुऱ्या कहाणीत सांगणाऱ्यानं उठायचं नाही, अन्न घ्यायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला तीच काय, कुठलीच कहाणी सांगायची नाही. सांगितली तर ज्याला सांगितली त्याच्यावर ती उलटते, असं आई म्हणायची. एरवी ऐकायला केतकी असे. पण आज सांगण्यासारखं मनात एकच होतं, आणि ऐकणारा समोर बसला होता. हेमलताबाईंनी कनवटीच्या पाच अक्षता काढून परुळेकरांच्या तळहातावर ठेवल्या.

परुळेकरांनी मूठ मिटली. अगदी रीत ठाऊक असल्यासारखी. हेमलताबाईंना बरं वाटलं.

त्यांनी सगळं सांगितलं. पट्टी, चाक, बार्शीचं न्हाणीघर, केतकीचं मनगट. श्वास घ्यायला थांबल्या की परुळेकर नेमके म्हणत, "हूं." एवढ्या मन लावून त्यांची कहाणी आजवर कुणी ऐकली नव्हती.

"झालं," त्या शेवटी म्हणाल्या. "ठेवा आता अक्षता."

"निवारण झालं की ठेवीन, मॅडम. नव्वद दिवसांची मुदत असते."

"नव्वद?"

"तोवर कुणाशी बोलायचं नाही. आपण बोललात, आणि कुणी दार उघडलं, तर ते आपल्याकडून उघडलं असं धरलं जातं."

हेमलताबाईंनी मान डोलावली. आईचा नेम आणि कंपनीचा नियम एकच निघाला होता. नियमानं चालणारी माणसं आहेत, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि कहाणी अधुरी असल्यामुळे त्या दिवशी नुसती भगर खाऊन राहिल्या. बसल्या जागेवरून उठता येत नव्हतं, पण चूल पेटवायला आणि चौकशीला जायला तेवढं उठणं आई माफ करेल असं त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा कोठीत गेल्या, तर खिडकी भिंतीपासून चार पावलं आत गेली होती. तिथवर एक बोळ तयार झाला होता. बोळाच्या तोंडाशी पाटी होती: 'प्रतीक्षेला लागणारी जागा तक्रारदाराच्या घरातून घेतली जाईल.'

"काही कळलं का हो?"

"आपली तक्रार आमच्याकडे पोचली आहे."

"ती कालच पोचली."

"आज तिला क्रमांक मिळाला."

बोळ रोज लांबत गेला. त्याला लागेल तेवढी जागा घरातून कमी होत गेली. आधी गॅलरी गेली. तुळस हेमलताबाईंनी ओट्यावर आणून ठेवली. मग बाहेरची खोली दोन्ही बाजूंनी आत आली, कॉट उभी करावी लागली, आणि केतकीचं मशीन एक दिवस सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहिलं.

"आई, ही खोली पूर्वी एवढी नव्हती," केतकी म्हणाली.

"तू लहान होतीस तेव्हा मोठी वाटायची."

"मी मागच्या आठवड्यात लहान होते?"

हेमलताबाई ताक घुसळत राहिल्या.

"आणि हे काय चाललंय तुझं, भगर आणि ताक, ताक आणि भगर? गाल बघ आत गेलेत. कहाणीसुद्धा सांगत नाहीस. इतकी वर्षं कानाला सवय लागलीय गं माझ्या."

"यंदा नेम वेगळा आहे."

"कोणता?"

"तो सांगायचा नसतो."

"सांगायचा नसतो म्हणे," केतकी हसली आणि दोरा दातानं तोडला. "बाबा असते तर म्हणाले असते, हेमाच्या देवांचं रेशनकार्ड वेगळं काढा."

तेराव्या दिवशी परुळेकरांनी पुरावा मागितला. बोळ तेव्हा उभ्या कॉटच्या दुप्पट झाला होता.

"आमच्या अभियंत्यांना हे घडताना दिसलं नाही, मॅडम. एकाच घराचं उघडणं हा योगायोग असू शकतो. शेवटच्या चाकावरची सगळी घरं उघडून दाखवलीत तर पुढे पाठवता येईल."

"दुसऱ्यांच्या घरात असं डोकावायचं? बरं दिसतं का ते?"

"हूं," परुळेकर म्हणाले.

केतकी खाली माळ्यांकडे माप घ्यायला गेल्यावर हेमलताबाई पाटावर चढल्या. शून्यावर पंढरपुरी म्हशी बांधलेला एक गोठा उघडला. तिथल्या कागदावर मुलाची नोकरी होती. एकावर कुणी नवराबायको एकमेकांकडे पाठ करून जेवत होते. कागदावर मूल होतं. दोनावर अंधार होता, आणि कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. त्या प्रत्येक घराची मनातल्या मनात क्षमा मागत होत्या.

तिनावर दार उघडलं, आणि समोर झोपाळ्यावर पराग बसला होता.

त्याची दाराकडे पाठ होती. तो शेंगा सोलून खात होता आणि टरफलं शेजारच्या ताटलीत ओळीनं लावून ठेवत होता. केतकीनं विणलेला रुमाल अजून टीपॉयवर होता. दारामागच्या कागदावर त्याचं वळणदार अक्षर होतं: 'बायको कुठे लपली आहे ते कळू दे.' तारीख जेठातल्या त्याच मंगळवारची. एकाच दिवशी दोघांनी नवस केला होता, म्हणून आकडे इतके जवळ पडले होते. त्याचा तीन, त्यांचा सात.

हेमलताबाईंनी दार ओढलं. ओढता ओढता पलीकडच्या चौकटीवर, त्याच्या पट्टीवर, टक् असा आवाज झाला.

"कोण आहे?" पराग वळून न बघता म्हणाला.

सातावर चाक आणून त्या पाटावरच बसल्या. खालून केतकीच्या हसण्याचा आवाज येत होता. तिला सांगावं. रत्नागिरीला तिची मैत्रीण आहे, आजच्या एसटीत बसवून द्यावं. जिभेवर सगळं आलं होतं. पण परुळेकरांची मूठ मिटलेली होती. अधुरी कहाणी ज्याला सांगावी त्याच्यावर उलटते. आणि आता ती उलटली तर काय रूप घेऊन येईल, ते त्या नुकत्याच बघून आल्या होत्या.

केतकी वर आली तेव्हा त्या देवापुढे बसल्या होत्या.

"आई, तुला मला काही सांगायचंय का?"

"भगरीत मीठ कमी पडलंय," हेमलताबाई म्हणाल्या.

उरलेली घरंही उघडून, पुरावा घेऊन त्या गेल्या, तेव्हा खिडकीत परुळेकरांच्या मागं आणखी कुणीतरी उभं होतं. त्याचा चेहरा खिडकीच्या वर राहत होता, नुसता काळा कोट दिसत होता.

"आपण नऊ घरांत विनापरवानगी डोकावलात," कोट म्हणाला.

"तुम्हीच सांगितलंत ना!"

"आम्ही पुरावा मागितला. डोकावायला सांगितलं नाही. आम्ही खटला भरत नाही आहोत, यातच आमची सद्भावना समजावी. इथे सही करा."

"त्यात एक घर माझ्या जावयाचं आहे हो. त्यानं चार वेळा चाक फिरवलं की तो माझ्या स्वयंपाकघरात. माझी लेक तिथे असते. दुसरं काही नको मला, तेवढं चाक घट्ट करा."

"हूं," परुळेकर म्हणाले.

हेमलताबाईंनी सही केली. घरी येऊन स्क्रू काढायच्या पेचकसानं पट्टीच उपटून काढली. नवस फिटायच्या आधी पट्टी काढल्याबद्दल देवाजवळ कान धरले. पट्टीखाली चौकटीच्या लाकडावर तेच सात आकडे उमटलेले होते, आणि हात लावला तर लाकडाचे आकडेही फिरत होते. त्यांनी पट्टी परत ठोकली.

भाद्रपद उलटला तसा बोळ इतका लांबला, की सकाळी निघालं तर खिडकीशी पोचायला दूध तापून निवेपर्यंतचा वेळ लागे. दोन्ही बाजूंना चुना लावलेल्या भिंती होत्या आणि वर ट्यूबलाइट. एकदा अर्ध्या वाटेत त्यांना खोकल्याची उबळ आली. दूरवरून खिडकीतून हुंकार आला, "हूं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि चालू लागल्या.

त्याच दिवशी त्यांना बार्शीचे गृहस्थ भेटले. बोळात मध्येच ते आपल्या स्टुलावर बसले होते. कानामागं साबण वाळून पांढरा झाला होता.

"तुम्ही त्या दिवशी दार उघडलंत त्या ना?" ते म्हणाले. "मी बारबोले. शाळेत चित्रकला शिकवायचो."

"मास्तर, तुम्ही इथे कसे?"

"मी घरीच आहे. तुम्ही माझ्या माजघरात उभ्या आहात."

हेमलताबाई दोन पावलं बाजूला सरकल्या. साऱ्या जागी चुनाच होता.

"दोन वर्षांपूर्वी मी हीच तक्रार केली," मास्तर म्हणाले. "रंगपंचमीला पट्टीवर रंग उडाला, पुसताना चाक फिरलं. आधी ओसरी गेली, मग माजघर. न्हाणीघर राहिलं होतं, ते परवा गेलं. घर परत मिळावं म्हणून नवस बोललो, तोही यांच्याकडेच. दुसरं कोण होतं ऐकायला?"

"तुमचं काय झालं मग तक्रारीचं?"

"माझ्या आधी कुणी केली होती म्हणे. म्हणून माझी धरली नाही. तुमचीही धरणार नाहीत, तुमच्या आधी मी आहे."

"पण परुळेकरांनी मूठ मिटली आहे. माझ्या अक्षता आहेत त्यांच्या मुठीत."

मास्तरांनी कानामागचा वाळलेला साबण खरवडला. "तुम्ही आलात तेव्हा माझी पट्टी वाजली होती," ते म्हणाले. "टक्. आपल्याकडे कुणी येत असलं की ती वाजते. तेवढं मात्र चांगलं केलंय त्यांनी."

नवरात्रात हेमलताबाईंचा सन्मान झाला. त्यांना ते खालच्या माळीणबाईंकडून, मालूताईंकडून, कळलं. मालूताई जिना चढून आल्या त्या मोबाइल नाचवतच.

"अहो हेमाताई, पेढे कुठंयत? आम्ही काय परके?"

"कसले पेढे?"

"बघा! एवढं नाव झालं तरी या आपल्या ताक घुसळतायत. तुमचे देव असतात हो खरे. आमचे फक्त नैवेद्य खातात."

मोबाइलवर सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटीत शाल आणि श्रीफळाचं चित्र होतं. 'नवसपेटी परिवाराच्या सुरक्षेसाठी झटणाऱ्या संशोधकांचे आम्ही ऋणी आहोत.' खाली एकच नाव होतं. श्रीमती हेमलता गिजरे, कराड, पावती क्रमांक ४०६१५२७.

"हे कुणाकुणाला गेलंय?" हेमलताबाईंनी विचारलं.

"पट्टी आहे त्या सगळ्यांना. माझ्या नणंदेला आलं, मिरजेला. तिच्या विहिणीला आलं. अहो, रडता काय? आनंद पचवायला शिका जरा."

त्या दिवशी हेमलताबाई बोळातून धावत गेल्या. स्टुलावर मास्तर नव्हते. स्टूल होतं, आणि भिंतीच्या चुन्यावर बसलेल्या माणसाएवढी जागा जरा जास्त पांढरी होती.

"ते नाव काढा," त्या खिडकीत दोन्ही हात घालून म्हणाल्या. "आकडा काढा निदान. आकडा तरी काढा हो."

"आपल्याला सन्मान आवडला नाही का?"

"तो वाचेल! त्याला आता शोधायचीही गरज नाही, तुम्ही हातात नेऊन दिलंत!"

"सन्मानफलकावरून नाव काढायचा अर्ज वेगळा असतो, मॅडम. त्यालाही नव्वद दिवस लागतात."

"आणि अक्षता?"

परुळेकरांनी मिटलेली मूठ वर करून दाखवली. "आमचं लक्ष आहे," ते म्हणाले.

उरलेले दिवस हेमलताबाईंनी दारासमोर बसून काढले. मांडीवर जपमाळ, डोळे पट्टीवर. वाऱ्यानं कडी हलली तरी त्यांचा मणी चुकायचा. घराचं आता स्वयंपाकघरच उरलं होतं. ओटा, देव्हारा, तुळस, पिठाचा डबा, कणगी, शिलाईचं मशीन आणि दोघी. जिन्यात जायचं असलं तरी त्याच एका दारातून जावं लागे.

केतकी पूर्वीसारखं बोलत नव्हती. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मी नको झालेय का तुला? तसं असेल तर सांग. मी रत्नागिरीला जाते शुभाकडे. तिनं कधीपासून बोलावलंय."

हेमलताबाईंचे ओठ हलले. जा, एवढंच म्हणायचं होतं. पण का, हे ती विचारणार. विचारल्याशिवाय ती जाणारी नव्हती, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरालाच अक्षता लागत होत्या.

"दिवाळी होऊ दे," त्या म्हणाल्या. "पाडव्याला मुदत पुरी होते."

"कसली मुदत?"

"नेमाची."

केतकीनं भाकरी तव्यावर टाकली. वाकड्या मनगटामुळे ती जरा दुमडून पडली.

पाडव्याच्या सकाळी हेमलताबाईंनी अभ्यंग केलं, देवांना गंध-फूल वाहिलं आणि कोरं लुगडं नेसून बोळात शिरल्या. केतकी चकलीची भाजणी मळत होती. बोळ चालून होईना. एकदा मागं वळून पाहिलं, तर घराचा उजेड सुपारीएवढा दिसत होता.

परुळेकर खिडकीची झडप ओढण्याच्या तयारीत होते.

"आलात? बरं झालं. आपली तक्रार बंद करण्यात आली आहे."

"चाकं घट्ट केलीत?"

"नाही. चाकं फिरतात, कारण ती फिरावीत अशीच बनवली आहेत. यात दोष नाही, ही रचनाच आहे, असं वरून आलंय. आपण दाखवलेल्या कळकळीबद्दल आभार."

हेमलताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ठीक आहे. मग माझ्या अक्षता ठेवा खाली. म्हणजे मी मोकळी."

"अक्षता?"

"तुमच्या मुठीतल्या."

परुळेकरांनी मूठ उघडली. आत काही नव्हतं. तळहाताच्या रेषा होत्या, त्याही पुसट.

"त्या पहिल्याच दिवशी केरात गेल्या असतील, मॅडम. इथे रोज केर काढतात."

"मग तुम्ही हुंकार कशाचा देत होतात? इतका वेळ ऐकत होतात ना तुम्ही?"

"तो मी देत नाही. तो आपोआप येतो. खिडकीशी आवाज झाला की येतो. यायलाच हवा, नाहीतर लोकांना वाटतं कुणी ऐकत नाही."

"हूं," खिडकी म्हणाली. परुळेकरांचे ओठ मिटलेले होते.

कहाणी कुणी ऐकलीच नव्हती. म्हणजे ती सुरूही झाली नव्हती, आणि अधुरीही राहिली नव्हती. पहिल्या दिवशीच, भगर शिजत असताना, केतकीला जवळ बसवून सांगता आली असती. नव्वद दिवसांतल्या कुठल्याही दिवशी सांगता आली असती.

झडप पडली तेव्हा हेमलताबाई पळत होत्या. उपासानं अंग हलकं झालं होतं. मागं बोळ मिटत येत होता, त्याचा चुना पाठीवर पडत होता. त्या स्वयंपाकघरात येऊन पडल्या आणि त्यांच्या मागं पिठाचा डबा गव्हाच्या कणगीला येऊन टेकला. मध्ये नुसती भिंत होती.

"अगं आई! लागलं का? लुगडं बघ कसं माखलंय."

"गॅस बंद कर. बस इथे."

"चकली टाकलीय तेलात."

"राहू दे. हात पुढे कर."

त्यांनी देवापुढच्या वाटीतून पाच दाणे वेचले आणि केतकीच्या पिठाळ तळहातावर ठेवले. केतकीचा चेहरा उजळला.

"कहाणी? सुटला म्हणायचा नेम! मी म्हटलं आता पुढच्या जन्मी ऐकायला मिळते."

"मूठ मीट. मध्ये काही विचारू नकोस. नुसतं हूं म्हण, आणि संपली की लगेच ऊठ."

केतकीनं मूठ मिटली. दोघी दाराकडे तोंड करून बसल्या, कारण दुसरीकडे तोंड करायला जागा नव्हती. कढईत चकली तपकिरी होत चालली होती. राजाराणीची सुरुवात हेमलताबाईंनी केली नाही. त्या म्हणाल्या, "कराड नावाचं गाव आहे. तिथे एक बाई राहते. तिची लेक तिच्याकडे येऊन राहिली आहे."

"हूं."

"लेकीचा नवरा तिला शोधतो आहे. त्यानंही नवस केला आहे."

केतकीनं आईकडे पाहिलं. तिची मूठ आवळली गेली.

"हूं," ती म्हणाली.

"त्याच्या दारावर तीन आहे, आणि हिच्या दारावर सात. चार वेळा चाक फिरवलं की तो हिच्या दाराशी. हे त्या बाईला नव्वद दिवस ठाऊक आहे."

चौकटीवर टक् असा आवाज झाला.

हेमलताबाईंनी तो ऐकला. सांगणाऱ्यानं मध्येच उठायचं नसतं. त्यांनी लेकीची मिटलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली आणि आवाज जराही न चढवता पुढे म्हणाल्या, "आणि त्या बाईनं ते कुणालाही सांगितलं नाही."

"हूं," केतकी म्हणाली.

"हूं," दाराच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.